गॅरेजात सात बोटी, नव्या घरात जागा दोनचीच. कुठल्या ठेवू?

वल्हेवाली
नमस्कार मंडळी. इथे पापलेटापासून पंचांगापर्यंत सगळ्याचे जाणकार सापडतात, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतेय.

आम्ही मिनेसोटात, मिनियापोलिसजवळ राहतो. मुलं बाहेर पडली, आता मोठं घर विकून टाउनहाउसमध्ये जातोय. तिथे गॅरेज एका गाडीचं. सध्याच्या दोन गाड्यांच्या गॅरेजात एकही गाडी मावत नाही, कारण सगळीकडे माझ्या कयाक आणि कनू, म्हणजे वल्हवायच्या निमुळत्या होड्या. हिवाळ्यात बर्फ काढण्यासाठी रस्त्यावरचं पार्किंग बंद केलं की नवरा रात्री अकराला गाडी कुठे लावू म्हणून फिरत असतो. त्याचं म्हणणं एवढंच, "दोन ठेव, त्याही भिंतीवर. बाकीच्यांची सोय लाव." मागणी रास्त आहे हे मलाही कळतं.

आता ऐवज सांगते. सगळ्यात जुनी ग्रमनची १७ फुटी ॲल्युमिनियमची कनू, ७५ पौंडांची धोंड. मग ओल्ड टाउनची पेनोबस्कॉट, रॉयलेक्स नावाच्या चिवट प्लास्टिकची कनू, नदीसाठी. तिसरी वेनोनाची साडेअठरा फुटी मिनेसोटा-टू कनू, केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची, ४२ पौंड. लेक सुपीरियरसाठी फायबरग्लासची सतरा फुटी सी कयाक. खळाळत्या पाण्यासाठी एक ठेंगणी प्लास्टिकची कयाक. घडी करून खोक्यासारखी पाठीला लावता येणारी ओरू. आणि सातवी मी स्वतः बांधलेली, लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेली ग्रीनलँड पद्धतीची कयाक.

प्रत्येकीचं पाणी वेगळं आहे. सी कयाक नदीत वळत नाही, आणि नदीतली ठेंगणी तलावात वल्हवायची म्हणजे परातीत बसून गाव गाठण्यासारखं. कुठल्या दोन ठेवाल?

रिकामटेकडा
रुमाल.
(बोटीवर टाकलाय. नंतर येऊन बसतो.)

हिशेबी
एकही ठेवू नका. तुमच्याकडे उन्हाळा किती महिन्यांचा? बाउंड्री वॉटर्सला, तुमच्या उत्तरेकडच्या तळ्यांच्या जंगलात, जाताना ईली गावात हव्या तेवढ्या केव्हलार कनू भाड्याने मिळतात, त्याही नव्याकोऱ्या. बोटीची किंमत, रॅक, दर तीन वर्षांनी लायसन्स, गॅरेजची जागा असं सगळं मांडलं तर भाडं स्वस्त पडतं. वापरापुरतं भाडं द्या आणि मोकळे व्हा.

वल्हेवाली
@हिशेबी, हिशेब बरोबर आहे. पण मी जाते ती मंगळवारी ऑफिस सुटल्यावर, सूर्य मावळायला दीड तास असताना, घरापासून दहा मिनिटांवरच्या तळ्यात. त्या वेळी भाड्याचं दुकान बंद झालेलं असतं. आणि लायसन्सचं म्हणाल तर ओरू दहा फुटांच्या आतली आहे, तिला इथे लायसन्स लागत नाही.

हिशेबी
म्हणजे सातांतली एक फुकट. प्रगती आहे.

कुंडलिकाकाठ
ताई, आम्हाला सात म्हणजे चैन वाटते. आम्ही कोलाडला, कुंडलिका नदीवर. सकाळी रावळज्याहून पाणी सोडलं की नदी चालू, पाणी उतरलं की बंद. वेळापत्रक नदीचं नाही, वीजघराचं. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून खाली येतं आणि त्यावर आमचा संसार.

माझी एकच बोट, प्लास्टिकची, साडेआठ फुटी, फुगीर नाकाची. उडी मारली की पुन्हा वर येते. दगडांवर घासून बूड पांढरं पडलंय. भारतात नवी मागवायची तर बोटीपेक्षा जहाजभाडं आणि कस्टम जड जातं, त्यामुळे बाहेरून आलेला कोणी परत जाताना विकून गेला की ती हातोहात फिरते. माझीही तशीच आली. टपावर बांधून मुंबई-गोवा रस्त्याने जाताना टोलनाक्यावर हमखास विचारतात, "शवपेटी आहे का?"

तुमच्या यादीतली ठेंगणी विकू नका. खळाळतं पाणी जे शिकवतं ते तळं शिकवत नाही.

बोटक्लबी
कोण म्हणतो शिकवत नाही? आम्ही पुण्याच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर मुळेच्या संथ पाण्यात शिकलो. १९२८ पासूनचा क्लब आहे. रेगाटाच्या, म्हणजे क्लबच्या नौकोत्सवाच्या, आधीचे दोन महिने म्हणजे पहाटे पाण्यात, दुपारी लेक्चरला डुलक्या. शर्यतीची के-वन, म्हणजे एकट्याची कयाक, ज्याने चालवली त्याला विचारा तोल म्हणजे काय. ५.२० मीटर लांब, वजन १२ किलो, आणि रुंदी एवढीच की श्वास जोरात घेतला तरी कलेल. पहिल्या आठवड्यात आम्ही वल्हं मारायच्या आधीच पाण्यात असायचो, आणि मुळेचं पाणी तोंडात जाणं हे वेगळंच प्रशिक्षण.

कुंडलिकाकाठ
@बोटक्लबी, जलपर्णीत अडकून राहता त्याला तोल म्हणत नाहीत. हलकेच घ्या.

बोटक्लबी
घेतलं. रेगाटाला या, मशाली घेऊन पंटांची (सपाट बुडाच्या होड्यांची) रचना बघा, मग बोलू.

देवबागचा
एका माणसाक इतक्यो होड्यो कित्याक?

चेष्टा सोडा. आमच्याकडे आजोबांची उलांडीची (बाजूला दांड्यांनी जोडलेल्या तरत्या ओंडक्याची) होडी होती, आंब्याच्या खोडाची. वरच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या. एकच होडी, तिनेच खाडीत जायचं, तिनेच जाळं टाकायचं, पाहुणे आले तर तिनेच पलीकडे भोगव्याला सोडायचं. उलांडी असल्यामुळे उभं राहून जाळं फेकलं तरी उलटायची भीती नाही. तुम्ही सात बोटींत जे वाटून दिलंय ते एका होडीत बसतं.

वल्हेवाली
@देवबागचा, तुमची होडी चार माणसांनी ओढून वाळूवर घ्यावी लागते ना? मला एकटीला गाडीच्या टपावर चढवायची असते.

देवबागचा
चार कशाला? दोन माणसं आणि भरती.

ओंटारियोतून
सातवर इतकी चर्चा! आमच्याकडे एका माणसाच्या अशाच 'छंदा'चं म्युझियम झालंय. कर्क विपर म्हणून टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक होते, मुलांचा कँडलोर नावाचा कॅम्प चालवायचे. १९५० च्या दशकात त्यांना एक जुनी, एकाच खोडातून कोरलेली कनू भेट मिळाली आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. बर्चच्या सालीच्या, कातड्याच्या, खोडाच्या, शेकडो. त्याच संग्रहावर पीटरबरोचं कॅनेडियन कनू म्युझियम १९९७ मध्ये उघडलं. २०२४ मध्ये ते तळ्याकाठच्या नव्या इमारतीत गेलं. आता ६०० च्या वर बोटी आहेत.

तिथे सगळ्यात जास्त वेळ मी सालीच्या कनूंपुढे उभा होतो. बर्चची साल, पांढरी बाजू आत आणि तपकिरी आतली बाजू बाहेर. सीडरच्या कमानी, स्प्रूसच्या मुळांनी शिवण आणि शिवणीवर राळ. खिळा एकही नाही. फाटलीच तर दुरुस्तीचं सगळं सामान काठावरच्या जंगलात उभं. तुमचं केव्हलार फाटलं की काय करता?

वल्हेवाली
डक्ट टेप. आणि मग घरी येऊन इपॉक्सी.

ओंटारियोतून
म्हणजे राळच.

अक्काबाई
अवांतर: नवऱ्यांना सांगा, गॅरेज मोठं झालं नाही तर म्युझियम होतं.

घडीची_होडी
जर्मनीतून. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅरेज नाही, तळघरात सायकलींनाच जागा पुरत नाही. तरी माझ्याकडे साडेपाच मीटरची दोघांची कयाक आहे. दोन पिशव्यांत. इथली पद्धत जुनी आहे: रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी १९०७ पासून घडीच्या कयाक विकायला सुरुवात केली. लाकडी काठ्या जोडायच्या, वर रबरी कापडाची कातडी ओढायची. शहरातली माणसं शनिवारी पिशवी घेऊन रेल्वेने डोंगरात जायची आणि नदीने खाली यायची. ज्यांना ही खेळणी वाटतात त्यांच्यासाठी: हानेस लिंडेमान या डॉक्टरने १९५६ मध्ये असल्याच घडीच्या क्लेपरने एकट्याने अटलांटिक ओलांडला. ७२ दिवस.

तेव्हा ओरूला बोट म्हणून मोजू नका, सामान म्हणून मोजा. कपाटात ठेवा. तुमच्या दोन जागा शिल्लकच.

हिशेबी
ही पळवाट आहे. आणि आवडली.

नवशिका_नाखवा
वाचतोय, मजा येतेय. सिएटलला नवीन आलोय. मला पोहता येत नाही. कयाक घेऊ का? लाइफ जॅकेट असेल तर चालतं ना?

वल्हेवाली
@नवशिका_नाखवा, आधी पोहायला शिका, मग वर्ग लावा, मग बोट. तुमच्याकडचा प्युजेट साउंड आणि आमचा सुपीरियर दोन्ही गार. हवा २५ अंश असली तरी पाणी १० च्या आसपास असू शकतं. कपडे पाण्याच्या तापमानाचे घालायचे, हवेच्या नाही.

इथे १-१०-१ शिकवतात. गार पाण्यात पडलात की पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं. धाप आपोआप लागते आणि तेव्हाच तोंडात पाणी गेलं तर खेळ खलास. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. नंतर बोटांनी बक्कलही उघडत नाही. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण तोवर तुम्हाला तरंगत ठेवेल ते जॅकेटच. त्यामुळे जॅकेट हवंच, अंगावर बांधलेलं. डेकवर दोरीत अडकवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.

आणि हिवाळ्यात तरणतलावात कयाक क्लबांचे वर्ग असतात. उलटी झालेली कयाक सरळ करायला तिथे शिका. जोर हातांचा नाही, कमरेचा झटका लागतो आणि डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. सगळे उलट करतात कारण श्वास हवा असतो.

नवशिका_नाखवा
धन्यवाद ताई. पोहण्याचा वर्ग बघतो.

कुंडलिकाकाठ
+१. डोकं शेवटी. हे पोस्टर करून लावायला हवं.

लेक_मिशिगनकाका
ग्रमनबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. ती कंपनी लढाऊ विमानं बनवायची. युद्ध संपत आलं, ॲल्युमिनियम आणि कारागीर दोन्ही हाताशी, तेव्हा विमानासारखीच रिव्हेट ठोकून कनू काढल्या. पुढे १९५२ मध्ये कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन गावी गेला. अमेरिकेतल्या निम्म्या काकांच्या अंगणात एक पालथी पडलेली असेल. ऊन नको, बर्फ नको असली नाटकं नाहीत. ही बोट विकू नका, नातवंडं वापरतील.

ओंटारियोतून
नातवंडं बहिरी होतील. वल्हं काठाला लागलं की अख्ख्या तळ्यातले मासे उठतात. आणि दगडावर ॲल्युमिनियम चिकटतं. रॉयलेक्स दगडावरून साबणासारखं घसरतं. माझं मत पेनोबस्कॉटला. रॉयलेक्सचे ताव २०१४ पासून बनतच नाहीत. गेली की तशी पुन्हा मिळणार नाही.

लेक_मिशिगनकाका
मिळत नाही म्हणून ठेवायचं असेल तर माझ्याकडे फ्लॉपीचं खोकं आहे, पाठवतो.

पट्टेवाला
टपावर बोटी बांधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पट्टा वाऱ्यात घोंघावत असेल तर त्याला एक-दोन पीळ द्या, आवाज बंद. आणि प्लास्टिकची कयाक उन्हात करकचून बांधून ठेवू नका, बूड आत बसतं. बसलंच तर तशीच उन्हात उलटी ठेवा, बऱ्याचदा आपोआप परत येतं.

अक्काबाई
आणि उंदीर? आमच्या शेजाऱ्याच्या सी कयाकच्या पुढच्या कप्प्यात उंदरीण बाळंत झाली होती.

पट्टेवाला
झाकणं लावून ठेवायची, बैठकीच्या भोकावर कव्हर. आत खाऊचा कण नको. तरी येतात.

घडीची_होडी
ताई, सातव्या बोटीबद्दल नीट लिहा ना. कापडाची बोट म्हणजे नेमकं काय?

वल्हेवाली
लिहिते. ग्रां मरे नावाच्या गावात सुपीरियरच्या काठी नॉर्थ हाउस फोक स्कूल आहे. लाकूडकाम, होड्या, विणकाम शिकवतात. तिथल्या वर्गात बांधली.

पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावला नाही, मलाच मापलं. जुन्या पद्धतीत फूटपट्टी नसते. लांबी म्हणजे माझ्या तीन वावा (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर). रुंदी म्हणजे कमरेची रुंदी अधिक दोन मुठी. खोलीसुद्धा मुठीवर. मग सीडरच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना खाचा पाडून आडवे दांडे, आणि ओकच्या बरगड्या. बरगड्या वाफेच्या पेटीतून काढल्या की मोजून काही सेकंद हातात मऊ असतात. तेवढ्यात गुडघ्यावर वाकवून खाचेत बसवायची, नाहीतर तडकन मोडते. खिळे, स्क्रू काही नाही, सगळे जोड दोऱ्याने आवळलेले. म्हणून लाटेवर सांगाडा किंचित लवतो, पाठीखाली कळतं.

वर जाड नायलॉन. ते डेकच्या मधोमध शिवायचं, दोन्ही बाजूंनी ओढत ओढत. शेवटी पॉलियुरेथेनचे हात. मूळच्या बोटींना सीलची कातडी असायची आणि शिवणकाम बायकांचं. पाणी आत येऊ नये म्हणून टाका कातड्याच्या आरपार न जाता अर्ध्यातून फिरवायचा. बाहेर गेलेल्या माणसाचा जीव त्या टाक्यावर. आमच्या वर्गात शिवणीला एक निवृत्त शस्त्रक्रियातज्ज्ञ होते, त्यांचे टाके सगळ्यात वाकडे.

वजन तीस पौंडांच्या आसपास. बसलं की ऊन कापडातून आत येतं आणि पाण्याची रेघ मांड्यांच्या बाजूने हलताना दिसते.

अक्काबाई
मग प्रश्न काय उरला? ही विकायची कोणाला? तुमच्या मापाचं गिऱ्हाईक कुठून आणणार?

ओंटारियोतून
अक्काबाईंना शंभर मार्क. एक जागा भरली.

हिशेबी
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताई, कुठली बोट चांगली हे बाजूला ठेवा. गेल्या उन्हाळ्यात कुठली सगळ्यात जास्त वेळा खाली उतरली?

वल्हेवाली
केव्हलारची. मग ही कापडाची. मग ओरू.

आता लिहिताना लक्षात येतंय की हा क्रम पाण्याचा नाहीच. ज्या बोटी मला एकटीला उचलता येतात त्याच जातात. बाउंड्री वॉटर्समध्ये एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बोट खांद्यावर घ्यावी लागते. नकाशावर ते अंतर रॉडमध्ये असतं, एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे जवळजवळ एक कनू. शंभर रॉडचा चढ-उतार, खाली चिखल, कानाशी डास आणि हात मोकळे नाहीत. तिथे ७५ आणि ४२ पौंडांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. पेनोबस्कॉट सुंदर आहे, पण टपावर चढवायला नवरा लागतो, आणि नवऱ्याला शनिवारी क्रिकेट असतं.

लेक_मिशिगनकाका
वजनावर बोट निवडायची तर सी कयाक जाईल, आणि सुपीरियरच्या राज्यात राहून ती विकणं म्हणजे अधर्म. सुपीरियरमधल्या अपोसल आयलंड्सच्या गुहा काय ओरूने बघणार? दोन चाकांची गाडी मिळते, त्यावर ठेवून न्या. वजन ही अडचण आहे, निकष नाही.

वल्हेवाली
काका, चाकं पार्किंगपासून पाण्यापर्यंत. टपावर कोण चढवणार?

लेक_मिशिगनकाका
मागच्या काचेवर जुना गालिचा टाकायचा, बोटीचं टोक टेकवायचं आणि मागून ढकलायचं. माझं वय ६८ आहे.

बोटक्लबी
काकांना के-वन द्या.

वल्हेवाली
सगळ्यांचे आभार. निकाल देते, निम्मा तरी.

भिंतीवर दोन: कापडाची आणि केव्हलारची. ओरू कोटांच्या कपाटात. घडीची_होडी यांची पळवाट नवऱ्याने धागा वाचून मान्य केली, हसला नाही पण मान्य केली. ग्रमन मैत्रिणीच्या केबिनवर, तळ्याकाठी पालथी. तिला छप्पर लागत नाही हा काकांचा मुद्दा तिथे कामाला आला. ठेंगणी कयाक इथल्या क्लबच्या तरणतलावातल्या वर्गाला देतेय, कुंडलिकाकाठ यांनी रागावू नये, ती शिकवायच्याच कामाला जातेय.

सी कयाकचं ठरत नाहीये. काकांची गालिच्याची युक्ती शनिवारी करून बघणार. जमली तर तिसरा हूक ठोकावा लागेल, आणि ते बोलणं घरात अजून व्हायचंय. पेनोबस्कॉट विकणार.

कुंडलिकाकाठ
रागावलो नाही. पण ती मुलं पोहणाऱ्यांच्या गर्दीत शिकणार, दगडांत नाही. असो.

रिकामटेकडा
आलो परत. रुमाल पेनोबस्कॉटवरच होता. काय भावाने देताय? मी शिकागोला. गाडी होंडा सिव्हिक, टपावर दांडे नाहीत. सोळा फुटी येईल का?

पट्टेवाला
येईल. काठांना बसणारे फोमचे चार ठोकळे घ्या, दोन पट्टे दारांतून आत फिरवून बांधा. पुढच्या आणि मागच्या टोकाला दोऱ्या बांधल्याशिवाय मात्र हायवेला लागू नका. आणि दारं उघडी ठेवून पट्टे बांधा, खिडकीतून नव्हे, नाहीतर शिकागोपर्यंत गाडीतून उतरता येणार नाही.

वल्हेवाली
@रिकामटेकडा, व्यक्तिगत निरोप केलाय. मासेमारीची सीट बसवलेली आहे, ती काढून देऊ का ते सांगा.